एका दगडात दोन पक्षी : मराठीचे पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांना आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना खुले पत्र

मान्यवर अभ्यासगट सदस्य आणि माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

निफाड तालुक्यातल्या एका शाळेत मी अनेक वर्षे पाचवी ते आठवीला मराठी शिकवले. आता निवृत्त आहे, पण शेजारची मुले अभ्यासाला येतात, त्यामुळे वह्या हातातून सुटलेल्या नाहीत. परवा इंग्रजी माध्यमात सहावीला असलेली एक मुलगी वाक्प्रचारांचा गृहपाठ घेऊन आली. ‘एका दगडात दोन पक्षी मारणे : अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.’ तिने मार्गदर्शकातले वाक्य उतरवले होते : ‘आईने बाजारातून भाजी आणली व येताना मला शाळेतून घेऊन आली, अशा प्रकारे तिने एका दगडात दोन पक्षी मारले.’

हे वाक्य मी माझ्या नोकरीत किती वेळा तपासले असेल! कधी भाजीच्या जागी औषधे यायची, कधी शाळेच्या जागी शिकवणी, बाकी सगळे तसेच. मी प्रत्येक वेळी बरोबरची खूण केली. परवा मात्र त्या मुलीला विचारले, “तुझी आई घरी येऊन असं म्हणेल का गं, की मी आज एका दगडात दोन पक्षी मारले?” ती म्हणाली, “नाही. आई म्हणेल, येता येता भाजी पण घेतली.”

हे पत्र मी त्या ‘येता येता’साठी लिहीत आहे.

आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण तिच्यामुळेच हा विषय माझ्या मनात इतकी वर्षे राहिला. सहावीच्या घटक चाचणीत हाच प्रश्न होता. आमच्या भागात कांद्याचा हंगाम आला की बायका खळ्यावर कांदे निवडायला, प्रतवारी करायला जातात. एका मुलाने लिहिले होते : ‘आजी कांदे निवडायला जाते. कामाला काम होतं आणि गप्पांना गप्पा होतात.’ बस, एवढेच. मी लाल पेनाने खाली लिहिले, ‘वाक्प्रचार कुठे आहे?’ आणि शून्य दिले. त्याने काही विचारले नाही. पुढच्या चाचणीत त्यानेही भाजी आणि शाळेचे वाक्य लिहिले आणि मी त्याला पूर्ण गुण दिले.

प्रश्नाच्या चौकटीत माझे शून्य बरोबर होते, भाषेच्या दृष्टीने साफ चूक होते. वाक्प्रचार त्याच्या वाक्यात होताच, आणि तो जास्त अस्सल होता. मी आयुष्यभर ज्या भाषेत बोलत आले तीच मला कागदावर ओळखता आली नाही, ही गोष्ट मला आजही लागून राहिली आहे.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे. एका कृतीत दोन गोष्टी साधण्यासाठी मराठीत एकच वाक्प्रचार नाही. बरेच आहेत, त्या प्रत्येकाचा अर्थ थोडा थोडा वेगळा आहे, आणि आपण मुलांना त्यातला एकच देतो. तोही असा, की जो त्यांच्या घरात क्वचितच कुणाच्या तोंडी येतो.

गैरसमज नको म्हणून सांगते, मी हा वाक्प्रचार बाद करा असे म्हणत नाही. प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या ‘पेटा’ या संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये इंग्रजी वाक्प्रचारांची एक यादी मांडली होती. दगडाने दोन पक्षी मारण्याऐवजी दोन पक्ष्यांना एक ‘स्कोन’ म्हणजे एक छोटा पाव खाऊ घाला, अशी ती सूचना होती. इंग्रजीत ‘स्टोन’ आणि ‘स्कोन’ यमकात बसतात. हेतू चांगला होता, पण लोकांनी त्याची टिंगलच जास्त केली. वाक्प्रचार टेबलाशी बसून घडवला तर रुजत नाही, तो कुणाच्या तरी हातांनी काम करताना घडलेला असावा लागतो. आपल्याला नवे काही घडवण्याची गरजही नाही, आपले पडून आहे ते उचलायचे आहे.

आणि दगड-पक्ष्यांच्या वाक्प्रचाराला त्याची अशी एक जागा आहे. त्यात नेम आहे, डाव आहे, समोरच्याला न कळता साधलेला फायदा आहे. एखाद्या नेत्याने एकाच नेमणुकीने मित्रपक्षालाही गप्प केले आणि स्वतःच्या पक्षातल्या प्रतिस्पर्ध्यालाही, तर वार्ताहराने खुशाल लिहावे, एका दगडात दोन पक्षी मारले. तिथे दगडही शोभतो आणि मारणेही शोभते. पण कांदे निवडत सुखदुःखाच्या गप्पा मारणाऱ्या आजीने कुणावर नेम धरला होता?

आता ‘कामाला काम आणि गप्पांना गप्पा’ ही रचनाच पाहा. नाम घ्यायचे, त्याला ‘ला’ किंवा ‘ना’ लावायचा, तेच नाम पुन्हा ठेवायचे, आणि शेजारी तशीच दुसरी जोडी बसवायची. ‘हौसेला हौस आणि कमाईला कमाई.’ ‘सावलीला सावली, फळाला फळ.’ ‘फिरायला फिरणं झालं आणि भेटायला भेटणं झालं.’ व्याकरणाच्या पुस्तकात हिला ठळक जागा मिळालेली मी पाहिलेली नाही, पण पाच वर्षांचे मूल ती बिनचूक वापरते. तिची खुबी अशी, की दोन्ही गोष्टी सारख्याच मानाने उभ्या राहतात. काम मुख्य आणि गप्पा वरकमाई, असे तिच्यात नसते. दोन्ही पूर्ण झाल्या, एकीने दुसरीचे काही खाल्ले नाही, हे त्या पुनरुक्तीतून आपोआप येते. शिवाय ही तयार साचेबंद ओळ नाही, साचा आहे. त्यात मूल आपले घर, आपले शेत, आपला मोबाइलसुद्धा घालू शकते. त्या मुलाने त्यात आपली आजी घातली होती.

दुसरा शब्द ‘हातासरशी’. “चहा ठेवतेच आहेस तर हातासरशी दूधही तापवून घे.” “झाडतोयस ना, मग हातासरशी कोपऱ्यातली जळमटं पण काढ.” हात कामात आहेच, त्याच्याच ओघात दुसरे काम उरकून घ्यायचे. इथे दोन्ही कामे सारखी नाहीत. एक ठरवलेले आहे, दुसरे त्याच्या कडेला आलेले आहे. ‘जाता जाता’, ‘येता येता’, ‘बसल्या बसल्या’ ही याचीच भावंडे. पायाने चालायचे असेल तर जाता जाता, हाताने करायचे असेल तर हातासरशी, दोन्ही थांबलेले असतील तर बसल्या बसल्या. “बसल्या बसल्या शेंगा सोल.” मराठी घरातल्या मुलाने हे वाक्य ऐकलेले नाही असे होणार नाही. मग ते वाक्प्रचारांच्या यादीत का नसावे? साधे आहे म्हणून? माझ्या मते ते साधे आहे म्हणूनच आधी शिकवायला हवे.

चुलीचे उदाहरण तर मला फार जवळचे. आमच्या घरी मातीची चूल होती. मुख्य तोंडावर भाकरीचा तवा आणि बाजूला वैल, म्हणजे जोडीची छोटी चूल. काही भागांत तिला औल म्हणतात. चुलीतल्याच जाळाची धग आतून वैलाकडे जाते, तिच्यासाठी वेगळे लाकूड लागत नाही. आई तव्यावर भाकरी टाकायची आणि वैलावर आमटी नाही तर दूध ठेवायची, भाकऱ्या होईपर्यंत ते मंद धगीवर तयार. जळणाच्या एका काटकीचाही हिशोब ठेवणाऱ्या घरांनी ही रचना केली आहे. ‘एका जाळावर दोन भांडी’ असे आई म्हणायची. कोशात ते सापडेल का, याच्याशी मला कर्तव्य नाही. पुढे मला कळले की पोलिश भाषेत याच अर्थाचा वाक्प्रचार ‘एका विस्तवावर दोन मांसाचे तुकडे भाजणे’ असा आहे. पोलंडमधल्या थंडीतल्या चुलीला आणि आमच्या निफाडच्या चुलीला एकच गोष्ट सुचली, याचे मला खूप अप्रूप वाटले.

आता याहून जुने घर. पतंजलीचे ‘महाभाष्य’ सुमारे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातले, पाणिनीच्या व्याकरणावरचे. त्याच्या पहिल्याच आह्निकात म्हणजे प्रकरणात, पस्पशाह्निकात, वर्णांच्या म्हणजे अक्षरांच्या उपदेशाची चर्चा चालू असताना प्रश्न येतो : एकाच यत्नाने दोन्ही गोष्टी कशा मिळतील? पतंजली म्हणतो, मिळतात, दोन ठिकाणी लागू पडणारी कारणे असतात. आणि उदाहरण देतो : ‘आम्राश्च सिक्ताः पितरश्च प्रीणिताः.’ आंब्यांना पाणी मिळाले आणि पितरही तृप्त झाले. एक माणूस तर्पण करतो आहे, पण ओंजळीतले पाणी तो आंब्याच्या बुंध्याशी सोडतो. पाणी तेच. पुढच्या काळात कुणीतरी यावर श्लोक रचला, त्याचा शेवटचा चरण आहे ‘एका क्रिया द्व्यर्थकरी प्रसिद्धा’, म्हणजे दोन अर्थ साधणारी एक क्रिया प्रसिद्धच आहे.

हे चित्र मुलांसमोर ठेवून पाहा. यात गेलेली माणसे आहेत आणि पुढे फळे खाणारी माणसे आहेत, कारण आज शिंपलेल्या झाडाचा आंबा कुणी नातू खाणार. एका ओंजळीत मागची पिढी आणि पुढची पिढी, दोन्ही. यात कुणीही मरत नाही. कोकणातल्या मुलाला आंब्याचे आळे दाखवायला नको, आणि पितृपक्ष तर सगळीकडेच. ‘आंबे शिंपले, पितर तोषले’ असे सोपे मराठी करून मी वर्गात सांगत असे. एका मुलीने विचारले होते, “बाई, पण पितरांना पाणी आंब्याच्या मुळाशी दिलेलं चालतं का?” मी म्हटले, पतंजलीला चालले. तिला ते पटले.

त्याच ठिकाणी पतंजली आणखी एक गंमत सांगतो, आणि ती भाषेच्या शिक्षकाने सोडू नये अशी आहे. वाक्येसुद्धा दोन्हीकडे लागणारी असतात, तो म्हणतो : ‘श्वेतो धावति.’ कोणत्या रंगाचा धावतो, असे विचारले तर उत्तर : पांढरा धावतो. इकडून कोण धावतो, असे विचारले तर त्याच अक्षरांची फोड ‘श्वा इतः धावति’, कुत्रा इकडून धावतो. एक वाक्य, दोन प्रश्नांची दोन उत्तरे. संधी शिकवायला याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही. संधीचा पाठ आणि वाक्प्रचाराचा पाठ एकाच तासाला होतो.

संस्कृतातलाच ‘देहलीदीपन्याय’ही आपल्याकडे मराठीत चांगला रुळलेला आहे, निदान जुन्या मास्तरांच्या पिढीत होता. देहली म्हणजे उंबरठा. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड देतो आणि अंगणातही. ‘कामाला काम’मध्ये दोन गोष्टी शेजारी उभ्या होत्या, ‘हातासरशी’मध्ये एक पुढे आणि एक मागे होती, इथे एक आत आहे आणि एक बाहेर. एखादी बाई आपल्या मुलीला शिकवायला बसते आणि शेजारची चार पोरे येऊन बसतात, तिथे हा न्याय लागतो. दगड लागत नाही. दिवाळीत उंबरठ्यावर पणती ठेवणाऱ्या मुलाला हे एका वाक्यात कळते.

आपले शेजारी काय म्हणतात हेही मुलांना कळायला हवे. बंगालीत दगड आणि पक्षी आहेतच, पण त्याबरोबर ‘रथ देखा, कला बेचा’ असाही वाक्प्रचार आहे : रथयात्राही पाहायची आणि केळीही विकायची. तमिळमध्ये एका दगडात दोन आंबे पाडतात. चिंचा-कैऱ्या पाडणाऱ्या आपल्या पोरांना हा दगड लगेच ओळखू येईल! जर्मन माणूस एका फटक्यात दोन माश्या मारतो, इटालियन माणूस एका घेवड्याच्या दाण्यात दोन कबुतरे पकडतो. आणि आपण मराठीत सर्रास वापरतो तो ‘एक पंथ दो काज’ हिंदीकडून आला. त्यामागे एक दोहा आहे, गोपी एकमेकींना म्हणतात : ‘गोरस बेचन हरि मिलन, एक पंथ दो काज.’ दूध-दही विकायला जायचे आणि वाटेत कृष्णही भेटायचा. आपल्या गौळणींतल्या मथुरेच्या बाजाराला निघालेल्या बायका हेच करत असतात. आणि गौळणी कशाला, आपल्या यात्रा पाहा. जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा, तिथे जनावरांचा मोठा बाजार. लांबून लांबून माणसे येतात, देवाला भंडारा वाहतात आणि जनावर घेऊन परततात. ‘दर्शनाला दर्शन आणि बाजाराला बाजार.’ पुन्हा तोच साचा! मुलांना बंगाली वाक्प्रचार सांगून आपला साचा दाखवला, तर दोन्ही पक्के बसतात.

इथे एक सावधगिरी हवी, कारण मार्गदर्शकांत एक गोंधळ मी नेहमी पाहते. ‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन’ ही म्हण ते समानार्थी म्हणून देतात. ती समानार्थी नाही. तिथे माणसाने काही केलेले नाही, नशिबाने मागण्यापेक्षा जास्त मिळाले. ‘दुधात साखर’ आणि ‘सोन्याहून पिवळे’ यांतही चांगल्यात आणखी चांगले पडले एवढेच, एका कष्टात दोन कामे झाली असे नाही. हा फरक मुलाला कळला तर ते आयुष्यात कधी शब्द चुकीच्या जागी ठेवणार नाही.

आणि उलट बाजूही शिकवा. मराठी म्हणी दोन गोष्टींच्या मागे धावणाऱ्याला फारशा मानत नाहीत. ‘दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.’ ‘तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले.’ ‘दोन्ही डगरींवर हात.’ ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ माझा आठवीचा एक विद्यार्थी यावर म्हणाला होता, “बाई, मराठीला दोन कामं एकदम केलेली आवडतात की नाही, ते एकदा ठरवा.” त्या दिवशी तास संपला तरी आम्ही बोलत होतो. शेवटी आम्हालाच उमगले ते असे : दोन घरचा पाहुणा दोन वाटांनी धावतो म्हणून उपाशी राहतो. आंब्याला पाणी घालणारा एकाच जागी उभा असतो. म्हणी हावरटपणाला हसतात, ओघाला हसत नाहीत. ‘एकेन यत्नेन’, एकाच यत्नाने, हा पतंजलीचा शब्द किती नेमका आहे, हे मला त्या मुलामुळे नीट समजले.

आता पक्ष्यांकडे येते, कारण ते राहून जायला नकोत. नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य आमच्या तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ. २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. हिवाळ्यात आम्ही मुलांना तिथे न्यायचो. दुर्बिणीतून चमचा, फ्लेमिंगो, बदके पाहून आलेले मूल दुसऱ्या दिवशी वर्गात ‘दोन पक्षी मारणे’ घोकते, तेव्हा निदान माझ्या मनाला ते बोचायचे. मुलांना फारसे बोचत नसे, हेही खरे सांगितले पाहिजे. त्यातली काही बेचकी घेऊन होल्यांमागे हिंडणारीच होती.

पण शेतकरी दगडाचे काय करतो ते पाहा. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून गोफण फिरवतात. तो दगड थवा उठवण्यासाठी असतो. पाखरू उडाले की राखणदाराचे काम झाले. ज्वारीच्या शेतातून पाखरांना हाकलणारा शेतकरीच हरभऱ्यात पाखरांना बोलावतो. हरभऱ्यावर घाटेअळी पडते. तिच्यासाठी शेतात ठिकठिकाणी इंग्रजी टी अक्षरासारख्या आडव्या काठीचे खुंट रोवतात, त्यांना ‘पक्षिथांबे’ म्हणतात. कोतवाल, साळुंक्या त्यावर येऊन बसतात आणि खाली उतरून अळ्या टिपतात. काही जण पेरतानाच हरभऱ्यात मूठभर ज्वारी टाकतात, तीच उंच वाढून पाखरांना बसायला होते. पाखराचे पोट भरते आणि हरभरा वाचतो. टोमॅटोभोवती झेंडू लावणाऱ्यांचेही तसेच : अळी झेंडूवर ओढली जाते आणि दसऱ्याला फुलांचेही पैसे होतात. त्याला ‘सापळा पीक’ म्हणतात. विदर्भात धुऱ्यावर तूर लावतात, बांधही धरला जातो आणि डाळही मिळते.

एकदा पक्षिथांबे दाखवायला मी वर्ग एका पालकांच्या शेतात नेला होता. परत आल्यावर फळ्यावर लिहिले : ‘आज जे पाहिलं त्याला एक वाक्प्रचार सुचवा.’ चाळीसेक उत्तरे आली. बरीच ओढूनताणून होती, काही नुसती यमके होती. एका मुलीने लिहिले होते ‘एका काठीवर दोन पोटं’. पाखराचे आणि आपले. फळ्यावर ते वाक्य मी आठवडाभर पुसले नाही. तिच्या वडिलांच्या शेतात तो थांबा होता. घडलेला वाक्प्रचार असा असतो.

या सगळ्यासाठी वेळ आताच आहे असे मला का वाटते, तेही सांगते. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या, सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. ज्यांच्या घरी मराठी नाही किंवा ज्यांनी आधी इंग्रजी वाक्प्रचार पाठ केले आहेत, अशी मुले आता मराठीच्या तासाला बसतात. इंग्रजीत दगड आणि दोन पक्षी त्यांनी आधीच शिकलेले असतात. मराठीत पुन्हा तेच दिले, तर त्यांना वाटते मराठी म्हणजे तेच सगळे, फक्त लिपी वेगळी. त्यांना ‘कामाला काम’ दिले, वैल दिली, उंबरठ्यावरचा दिवा दिला, तर या भाषेचे स्वतःचे घर आहे हे कळेल. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आपण सगळ्यांनी पेढे वाटले, मीही वाटले. तो दर्जा सहावीच्या पुस्तकात कुठे दिसतो, हा माझा प्रश्न आहे.

५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. सालीम अली लहानपणी एअरगनने चिमण्या टिपायचे. त्यातली एक पिवळ्या कंठाची निघाली, ती ओळखायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून त्यांचे आयुष्यच बदलले. चितमपल्लींनी जंगलात राहून मराठीला शब्द दिले. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’. पक्ष्यांच्या घरांना नावे देण्याइतकी आपली भाषा समर्थ आहे. त्या सप्ताहात शाळेत बॅनर लागतात, घोषणा होतात, एखादे रोप लावले जाते. त्याच सप्ताहात मराठीच्या तासाला मुलांनी या वाक्प्रचारांचा एक फळा भरावा. पक्षी सप्ताहही होईल आणि मराठीही. यासाठी वेगळा निधी लागत नाही, परिपत्रक लागत नाही.

पाठ्यपुस्तकाच्या अभ्यासगटाला माझी विनंती आहे, की जिथे जिथे ‘एका दगडात दोन पक्षी मारणे’ येईल तिथे त्याच्या शेजारी ‘कामाला काम, गप्पांना गप्पा’ ही रचना आणि ‘हातासरशी’ हा शब्द उदाहरणांसह द्यावा. आठवी-नववीला ‘आंबे शिंपले, पितर तोषले’ आणि देहलीदीप यांचा छोटा उतारा घ्यावा. उतारा मोठा नको, पान-दीड पान पुरे. तळटीपही नको, मुलांना चित्र द्या : ओंजळ, बुंधा, उंबरठा, पणती. वैलासह चुलीचे चित्रही द्या, कारण आता ती पाहिलेली मुले थोडी उरली आहेत.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या मित्रांनो, तुमच्या हातात तर अभ्यासगटापेक्षाही जास्त आहे. मूल शिकते ते प्रश्नपत्रिकेकडे पाहून. ‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न एवढाच बदला : प्रसंग द्या आणि मुलाला त्याच्या शब्दांत सांगू द्या. ‘तुझ्या घरात कुणी एका कामात दोन कामे केली, तो प्रसंग दोन वाक्यांत लिही. घरात तो कसा सांगितला जाईल?’ उत्तरे तपासायला कठीण जातील हे मला माहीत आहे. चाळीस वह्यांतून चाळीस वेगळी वाक्ये येतील, त्यांत बोलीभाषा येईल, अहिराणी येईल, वऱ्हाडी येईल, मालवणी येईल. एकेक वाचावे लागेल. ते वाचा.

आणि एखाद्या वहीत वाक्प्रचार दिसला नाही, तर शून्य देण्याआधी ते वाक्य एकदा मोठ्याने वाचून पाहा.

तो मुलगा आता कांद्याचा व्यापार करतो. गेल्या वर्षी बाजार समितीच्या आवारात भेटला. लिलाव चालू होता, तरी बाजूला येऊन पाया पडला. मी त्याला त्या चाचणीबद्दल सांगितले. त्याला ती आठवत नव्हती. आजीचे नाव काढल्यावर मात्र हसला. म्हणाला, “आजी शेवटपर्यंत जात होती बाई, खळ्यावर. डॉक्टर नको म्हणाले तरी. म्हणायची, हाताला काम आणि जिवाला सोबत.”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. तुम्हाला पुस्तकात हवे असेल तर घ्या.

आपली,
मराठीची एक निवृत्त शिक्षिका
तालुका निफाड, जिल्हा नाशिक